आमचंच नाटक, चावी दुसऱ्याच्या हाती

गेल्या पावसात आमच्या गावच्या नाट्यमंडळाने एक जुनं नाटक पुन्हा बसवायचं ठरवलं. गाव फोंडा तालुक्यातलं. नाटक गावातल्याच एका गुरुजींनी लिहिलेलं, २००२ च्या उत्सवात देवळाच्या प्रांगणात झालेलं. घरचा कर्ता माणूस दर्यावर गेला आणि परतला नाही, त्या घराची गोष्ट. गुरुजी आता नाहीत. त्यांची हाताने लिहिलेली वही वाळवीने खाल्ली. तरी सगळे निर्धास्त होते, कारण संहिता कॉम्प्युटरवर आहे हे सर्वांना ठाऊक होतं. ती मीच टाइप केली होती. तेव्हा मी फोंड्याला एका छापखान्यात अक्षरजुळणी करत असे.

सीडी सापडली, चाललीही. फाईल उघडली आणि पडद्यावर पानभर रोमन अक्षरं, डॉलरच्या खुणा, स्वल्पविराम, उलटी प्रश्नचिन्हं असा सगळा गाळ आला. नांदी कुठे, पहिला प्रवेश कुठे, काही कळेना. मंडळाचे सर्वांत जुने दिग्दर्शक माझ्या शेजारी चष्मा पुसत बसले होते. ते म्हणाले, "आमचेंच नाटक, आनी आमकांच वाचूंक मेळना?"

मी त्यांना तेव्हा "काका, तो फॉन्ट आता नाही," एवढंच सांगितलं. उत्तर खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरची गोष्ट, इथे लिहितो आहे. ते एका नाटकापुरतं नाही. तुमच्या फोनपासून शाळेतल्या संगणकापर्यंत सगळीकडे लागू पडतं.

पडद्यावर गाळ का आला

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. आज यासाठी युनिकोड नावाची जगभर मानलेली यादी आहे. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. तिच्यात 'क' चा क्रमांक २३२५, आणि तो पणजीत, पुण्यात, टोकियोत तोच. यादी सर्वांसाठी खुली आहे, कुणीही पाहावी.

आमच्या डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याच्या धंद्यात २००२ साली ही शिस्त पोचली नव्हती. फॉन्ट बनवणारी प्रत्येक कंपनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे आपापल्या सोयीने बसवायची. एकीच्या फॉन्टात जिथे अर्धा 'क', तिथे दुसरीच्या फॉन्टात काना. फाईलमध्ये साठायचे ते रोमन अक्षरांचे क्रमांक. त्यांची मराठी दिसायची ती त्याच कंपनीचा फॉन्ट बसवलेला असेल तर. कोणत्या जागी काय ठेवलं आहे तो तक्ता कंपनीकडे. त्यावर आणखी सॉफ्टवेअरला कुलूप: संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात खुपसायचा काडेपेटीएवढा ठोकळा. आम्ही त्याला नुसतं 'लॉक' म्हणायचो. लॉक लावलं नाही तर सॉफ्टवेअर सुरूच होत नसे. ते पोर्ट आजच्या लॅपटॉपला नसतंच.

छापखान्याने त्या सॉफ्टवेअरचे पैसे रीतसर भरले होते, पावती होती. तरी वीस वर्षांनी आमचं लिखाण आमच्या हाती राहिलं नाही. आम्ही विकत घेतली होती ती वापरायची परवानगी, आणि तिचं आयुष्य त्या लॉकएवढंच होतं. हे मला तेव्हा कळलं नाही याचं आज वाईट वाटतं. गुरुजींनी विश्वासाने वही माझ्या हातात दिली होती.

संहिता आणि प्रयोग

सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे नाटकवाल्या माणसाला सांगणं सोपं आहे. प्रोग्रॅम लिहिणारा तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. ती झाली संहिता. तिला सोर्स कोड म्हणतात. मग यंत्र तिचं शून्य आणि एक यांच्या लांबलचक माळेत रूपांतर करतं आणि संगणक ती माळ चालवतो. तो झाला प्रयोग. बहुतेक कंपन्या आपल्याला प्रयोग विकतात आणि संहिता तिजोरीत ठेवतात.

प्रयोग कितीही वेळा पाहा. पण एखादा संवाद गावच्या बोलीत आणायचा, एक पद गाळायचं, रंगमंच लहान म्हणून एक प्रवेश पडद्यापुढे घ्यायचा, तर हातात संहिता लागते. उत्सवात ज्याने नाटक बसवलं आहे त्याने तालमीची प्रत पाहिलेली असते: पेन्सिलीने खोडलेल्या ओळी, समासात लिहिलेल्या एंट्र्या, कुणाच्या चहाचा डाग. पुस्तकातलं नाटक गावाचं होतं ते त्या पेन्सिलीमुळे.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे संहितेसकट आणि पेन्सिलीच्या हक्कासकट मिळणारं सॉफ्टवेअर.

इथे मराठीने आपली मोठी सोय केली आहे. इंग्रजीत 'फुकट' आणि 'स्वतंत्र' या दोन्हींना एकच शब्द चालतो, त्यामुळे या चळवळीतली माणसं गेली चाळीस वर्षं तो घोळ निस्तरत आहेत. आपल्याकडे 'मोफत' वेगळं आणि 'मुक्त' वेगळं. फोनवर मोफत मिळणारी बहुतेक ॲप्स मुक्त नसतात; त्यांची संहिता कुणी पाहू शकत नाही, ती तुमची कोणती माहिती कुठे पाठवतात ते कंपनी सांगेल तेवढंच कळतं. उलट मुक्त सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकायला कुणाचीच आडकाठी नाही. किंमत आणि मोकळीक ही दोन वेगळी मापं आहेत.

मोकळिकी चार मानल्या जातात, आणि प्रोग्रॅमरांच्या सवयीने त्यांची मोजणी शून्यापासून होते. सॉफ्टवेअर कुणीही कोणत्याही कामासाठी वापरावं. ते कसं चालतं ते उघडून पाहावं आणि हवं तसं बदलावं. त्याच्या प्रती शेजाऱ्याला द्याव्यात. बदललेल्या प्रतीही द्याव्यात. यातल्या दुसरीला आणि चौथीला संहिता हाती असल्याशिवाय अर्थच नाही.

"मला प्रोग्रॅमिंग येत नाही, मग या हक्काचं मी काय करू?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मला पेटी वाजवता येत नाही. पण गावात चार जणांना येते, म्हणून आमच्या घरी भजन होतं. पेटीला कुलूप लावून चावी दुसऱ्या देशात ठेवली असती तर त्या चौघांचाही उपयोग नव्हता. हक्क सर्वांना हवा, तो वापरणारे थोडे असले तरी चालतात.

अडकलेला कागद आणि फोराल

१९८० च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेत एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रॅमर काम करत होता. तिथला प्रिंटर वेगळ्या मजल्यावर. कागद अडकला की कुणाला पत्ता लागत नसे; तासाभराने जाऊन पाहावं तर सगळं काम तुंबलेलं. जुन्या प्रिंटरची संहिता हाती होती, म्हणून स्टॉलमनने त्यात भर घातली होती: कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना संगणकावर निरोप जायचा. मग झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला, संहितेशिवाय. तोही अडकायचा, पण आता काही करता येईना. दुसऱ्या एका विद्यापीठातल्या माणसाकडे ती संहिता आहे असं कळल्यावर स्टॉलमन त्याच्याकडे गेला. त्याने नकार दिला. कुणाला दाखवणार नाही असा करार त्याने कंपनीशी केला होता.

एका अडकलेल्या कागदातून एवढं घडेल असं वाटत नाही, पण घडलं. तोवर प्रोग्रॅमर एकमेकांना संहिता सहज देत. ती रीत होती, कुठे लिहिलेली नव्हती. ती मरताना पाहून स्टॉलमनने २७ सप्टेंबर १९८३ ला ग्नू या प्रकल्पाची घोषणा केली: पूर्ण मुक्त अशी संगणकप्रणाली, पायापासून नवीन लिहिलेली. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन उभं राहिलं. १९८९ मध्ये ती रीत कागदावर आली. त्या परवान्याचं नाव जीपीएल.

गोव्यातल्या माणसाला ही गोष्ट ओळखीची वाटावी. गावची जमीन गांवकारीने सामाईक सांभाळायची, पाणी, बांध, देऊळ यांचा वाटा ठरलेला असायचा, हे पोर्तुगीज येण्याच्या आधीपासून रीतीने चालत आलं होतं. १५२६ मध्ये अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने ते रीतिरिवाज फोराल नावाच्या सनदेत लिहून काढले. तोंडी रीत बलवान माणूस मोडू शकतो. लिहिलेल्या रीतीवर बोट ठेवता येतं. जीपीएल हे प्रोग्रॅमरांचं फोराल आहे. एक फरक मात्र स्वच्छ सांगायला हवा. गांवकारीचा हक्क ठरावीक घराण्यांतल्या पुरुषांना वंशपरंपरेने मिळे. इथे जो येईल तो गांवकर, बाई असो, पुरुष असो, कोणत्याही गावचा असो.

जीपीएलची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. कॉपीराइटचा कायदा लेखकाला सांगतो की तुझ्या कामाची प्रत कुणी कशी काढावी ते तू ठरव. जीपीएल याच अधिकाराचा उपयोग उलट दिशेने करतं: खुशाल घ्या, बदला, वाटा, विका, पण यातून जे बनवून दुसऱ्याला द्याल ते संहितेसकट आणि याच अटीवर द्या. भजनाची वही उतरवून घ्यायला दिली, आणि अट एवढीच घातली की तुझ्या वहीवरून उतरवायला येणाऱ्याला तूही नाही म्हणायचं नाहीस, तसं हे. काही परवाने एवढीही अट घालत नाहीत. एमआयटी आणि बीएसडी ही त्यांची नावं. त्यांतली संहिता घेऊन कुणी कुलूपबंद माल बनवला तरी चालतं. मला स्वतःला जीपीएलची अट पटते. सामाईक विहिरीचं पाणी नेणाऱ्याने विहिरीला कुंपण घालू नये, एवढंच तर ती मागते.

'मुक्त स्रोत' हे नाव नंतरचं, १९९८ चं. कंपन्यांना 'स्वातंत्र्य' या शब्दाची धास्ती वाटू नये, कामाची ही पद्धत व्यवहारालाही फायद्याची आहे हे त्यांना पटावं, म्हणून काहींनी ते पुढे आणलं. सॉफ्टवेअर बहुतेक तेच. एक नाव हक्कावर भर देतं, दुसरं पद्धतीवर.

मधल्या काळात १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने छंद म्हणून प्रणालीचा गाभा लिहायला घेतला. १९९२ मध्ये त्याने तो जीपीएलखाली आणला. ग्नूच्या अंगाला हा गाभा मिळाला आणि लिनक्स म्हणून आपण ज्याला ओळखतो ते पूर्ण झालं. आज जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला एकूणएक संगणक लिनक्सवर चालतो, २०१७ पासून. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. म्हणजे 'मी कधी वापरलं नाही' असं म्हणणाऱ्यानेही ते वापरलेलं आहे.

दर्या आणि दऱ्या

हे सगळं परक्या देशातलं, आपल्या मराठीशी त्याचा काय संबंध, असं कुणाला वाटेल. संबंध एका अक्षरात दाखवता येतो.

'दर्या' हा शब्द बघा. यातला 'र' रफार होऊन 'या'च्या डोक्यावर बसला आहे. आता 'दऱ्या' बघा, डोंगरातल्या. इथे तोच 'र' पापणीच्या केसासारखा आडवा होऊन 'या'ला बाजूने चिकटला आहे. बोलताना जोर वेगळा, अर्थ वेगळा. हिंदीला हा भेद लागत नाही. मराठीला, कोकणीला, नेपाळीला लागतो. फॉन्ट आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने देवनागरी म्हणजे फक्त हिंदी असं धरलं, तर आमचा दर्या आणि आमच्या दऱ्या एकच होऊन जातील. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणंही हिंदीहून वेगळी आहेत. चांगल्या फॉन्टात दोन्ही असतात, आणि मजकूर मराठी आहे अशी खूण असेल तर मराठी वळण निवडलं जातं.

हे निवडण्याचं काम कोण करतं? क्रमांकांची माळ वाचून कुठे रफार चढवायचा, कुठे जोडाक्षर करायचं, ऱ्हस्व वेलांटी कुठे नेऊन ठेवायची, हे ठरवणारा प्रोग्रॅम वेगळा असतो. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिबर ऑफिस यांत हे काम हार्फबझ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर करतं. अँड्रॉइड फोनवर बातमी वाचली, नातवाचा निरोप वाचला, पंचांग पाहिलं, की त्यातलं प्रत्येक जोडाक्षर त्याच्या हातून गेलेलं असतं. त्याची संहिता कुणालाही उघडून पाहता येते. तिथे मराठीचं काही चुकलं तर मराठी माणूस थेट तक्रार नोंदवू शकतो. येत असेल तर दुरुस्तीच लिहून पाठवू शकतो. कुलूपबंद सॉफ्टवेअरमध्ये आपण ग्राहक, आणि भाषेचा बाजार लहान असला की ग्राहकाची पाळी शेवटी येते.

फॉन्टचंही तसंच. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींचा 'मुक्ता', मुंबई आयआयटीचा 'शोभिका', हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यावर आहेत. पत्रिका छापा, पुस्तक छापा, दुकानाचा फलक करा, कुणाला विचारायला नको. माझ्या छापखान्याच्या दिवसांत हे असतं तर मी हा लेख लिहिला नसता.

बांध कोण सांभाळणार

आता दुसरी बाजू. मुक्त सॉफ्टवेअर आपोआप सुरक्षित असतं असं मी म्हणणार नाही.

खाजन शेती ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे लवकर समजेल. नदीच्या भरतीच्या पातळीखाली जमीन, खारं पाणी बाहेर अडवणारा मातीचा बांध, बांधात मानस, म्हणजे पाण्याचं दार. भरतीच्या दाबाने मानशीची दारं मिटतात, ओहोटीला उघडतात आणि आतलं पाणी वाहून जातं. ही रचना शतकानुशतकं टिकली ती दरवर्षी कुणीतरी चिखल थापला म्हणून, भगदाड पडल्या पडल्या माणसं धावली म्हणून. ती माणसं गेली की पाणी विचारायला थांबत नाही. एकदा खारं पाणी आत आलं की शेत वर्षानुवर्षं पिकत नाही.

मार्च २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या जगात असंच भगदाड थोडक्यात वाचलं. एक्सझेड नावाचं फाईली आवळून लहान करणारं एक छोटं साधन आहे, जगभरच्या लिनक्स सर्व्हरांत भरलेलं. ते वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता, फावल्या वेळात, बिनपगारी, थकलेला. जिया टॅन या नावाने कुणीतरी मदतीला आलं. दोन वर्षांहून जास्त काळ चांगलं काम करून विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. तो सापडला अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला. सर्व्हरवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो हे त्याच्या ध्यानात आलं आणि कारण कळेपर्यंत त्याने पिच्छा सोडला नाही. त्याला शोध घेता आला, कारण ते सगळं त्याला उघडून पाहता येत होतं. पण चोर आत आला तो बांधावर एकटा माणूस होता म्हणून. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

२०१४ मध्ये इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या साधनातला हार्टब्लीड नावाचा दोष उघडकीस आला तेव्हाही हेच दिसलं होतं. अर्ध्या जगाचे व्यवहार ज्यावर, ते सांभाळणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

म्हणून 'फुकट मिळतं' या शब्दांनी मला त्रास होतो. बांध फुकट नसतो. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्या बहुतेकांना आज कंपन्या पगार देतात, कारण त्यांचा धंदा त्यावर उभा आहे. रेड हॅट ही कंपनी मुक्त सॉफ्टवेअर बसवून देणं, सांभाळून देणं यावरच वाढली, आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती सुमारे ३४ अब्ज डॉलरला घेतली. पोट भरतं. पण लहान लहान साधनं सांभाळणाऱ्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. आपण वापरतो त्या एखाद्या साधनाला वर्षाकाठी एका नाटकाच्या तिकिटाएवढी देणगी द्यावी, नाहीतर त्याचं मराठी भाषांतर तपासून द्यावं, नाहीतर दोष दिसला तर नीट कळवावा. चिखलाची एक पाटी झाली.

विकत घेतलेलं आपलं असतं का

२००९ मध्ये अमेझॉनने ग्राहकांनी विकत घेतलेली काही पुस्तकं त्यांच्या किंडल यंत्रांवरून परस्पर पुसली. ज्याने ती विकायला ठेवली होती त्याला तो हक्क नव्हता, एवढं कारण. पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. पण कपाटातलं पुस्तक दुकानदार रात्री घरात शिरून नेऊ शकतो, हे त्या दिवशी लोकांना कळलं. यंत्र आपलं, सॉफ्टवेअर त्यांचं, असं असेल तर यंत्र कुणाचं ऐकणार हे ठरलेलं आहे.

सरकार जेव्हा एखादं ॲप लोकांना वापरायला लावतं तेव्हा हा प्रश्न आणखी टोकदार होतो. २०२० च्या एप्रिलमध्ये आरोग्य सेतू आलं तेव्हा त्याची संहिता बंद होती. आपण कुठे जातो, कुणाजवळ उभे राहतो, हे जाणणारं ॲप. आत काय चाललं आहे ते पाहायची सोय नाही. लोकांनी मागणी लावून धरली आणि २६ मे २०२० ला त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीची संहिता खुली झाली. केंद्र सरकारचं २०१५ चं धोरणच सांगतं की सरकारी कामात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं, आणि ते टाळलं तर कारण द्यावं. ग्रामसभेत, पालक-शिक्षक संघात हे कारण आपणही विचारावं.

शाळांचं तर मला फार वाटतं. केरळने २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू केला आणि पुढे सरकारी शाळांतले संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. तिथली मुलं मल्याळममधून लिनक्स वापरत शिकतात. गोव्यात सायबरएज योजनेतून अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोचले, तेव्हा कित्येक घरांत तो पहिलाच होता. संगणक देणं हे पहिलं पाऊल. मुलाने पुढे त्यावर काय उघडून पाहावं, काय मोडून जोडावं, हे दुसरं, आणि तिथे मुक्त सॉफ्टवेअरला पर्याय मला दिसत नाही. कुलूपबंद वस्तूवर मूल बटणं दाबायला शिकतं. उघड्या वस्तूवर ते कारागीर होतं.

घरी जुना संगणक असेल तर एक साधी गोष्ट करून पाहा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. बरेच धडधाकट संगणक नव्या विंडोजच्या अटींत बसत नाहीत म्हणून माळ्यावर गेले. एका पेनड्राईव्हवर उबुंटू नाहीतर लिनक्स मिंट, ही लिनक्सचीच रूपं, उतरवून घ्या आणि त्यावरूनच संगणक सुरू करा. आतलं काही न पुसता चालवून बघता येतं. पत्रं-हिशेबासाठी लिबर ऑफिस, गाणी-चित्रफितींसाठी व्हीएलसी. न जमलं तर पेनड्राईव्ह काढा, होतं तसं आहे.

नाटकाचं काय झालं

आधी जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये नेणारी, कुणी हौसेने बनवलेली रूपांतरं चालवून पाहिली. त्यांत एक गंमतीची अडचण कळली. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी आधी टाइप करायची आणि अक्षर नंतर, कारण दिसताना ती आधी दिसते. युनिकोडमध्ये अक्षर आधी, वेलांटी नंतर, म्हणजे आपण म्हणतो तसं. रफाराचं नेमकं उलट. तक्ता हाती नसल्याने अंदाजाने गेलं की जोडाक्षरांची वाट लागते. दोन रात्री घालवल्या, सोडून दिलं.

मग प्रॉम्प्टरच्या घरी झेरॉक्स प्रत सापडली. ८४ पानं, कडा पिवळ्या, त्या वेळच्या तालमीच्या पेन्सिलीसकट. फोनने एकेका पानाचा फोटो काढला आणि टेसरॅक्टला दिला. छापील पान वाचून त्याची अक्षरं करणारं हे सॉफ्टवेअर एचपी कंपनीत १९८५ पासून दहाएक वर्षं घडलं आणि २००५ मध्ये खुलं झालं. आज ते मराठी वाचतं. चुका होतात: 'घ' चा 'ध', 'भ' चा 'म'. चार रविवार मी आणि काका देवळाच्या सभामंडपात बसून प्रूफ तपासत होतो. ते झेरॉक्सवरून मोठ्याने वाचायचे, मी पडद्यावर बघायचो. मधेच ते थांबायचे आणि त्या रात्री कोण कुठे अडखळलं होतं ते सांगायचे.

फाईल आता दोन रूपांत आहे: खुल्या ओडीटी स्वरूपात आणि साध्या मजकुरात. दोन्हींची रचना जाहीर आहे. लिबर ऑफिस उद्या बंद पडलं तरी दुसरं कुणी ती वाचणारं साधन लिहू शकेल. गुरुजींच्या मुलीची परवानगी घेतली आणि नाटक क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यावर ठेवलं: लेखकाचं नाव द्या, बदल करा, प्रयोग करा, तुमचंही याच अटीवर ठेवा. गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश याच प्रकारच्या परवान्याखाली खुला केला आहे, हे मी तिला दाखवलं. ती म्हणाली, "बाबांची वही गावात कुणीही न्यायचं. त्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही."

डिसेंबरमध्ये प्रयोग झाला. फेब्रुवारीत डिचोली तालुक्यातल्या एका मंडळाचा निरोप आला. त्यांच्याकडे स्त्री पात्रं दोनच मिळत होती, म्हणून आत्याची भूमिका गाळून तिचे संवाद शेजाऱ्याला दिले होते. बदललेली फाईल त्यांनी आम्हाला परत पाठवली, आणि सोबत लिहिलं होतं की तुमच्या प्रतीत तिसऱ्या अंकात आई म्हणते, "त्याला दऱ्यांनी नेलं." तिथे दर्याने हवं ना? आम्ही झेरॉक्स काढून पाहिली. दर्याने होतं.